भोईरबाईंचा तीन ओळींचा अहवाल

भोईरबाईंना माझ्याबद्दल काय वाटतं ते त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत दाखवून दिलं, आणि पुढच्या दहा महिन्यांत त्यात काडीचाही फरक पडू दिला नाही.

बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, बायकांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. भिंतीवर कधीच्या तरी पुराची कंबरेएवढी रेघ उमटलेली, आणि त्या रेघेच्या वर, पाणी पोचणार नाही अशा बेताने, आम्ही चिकटवलेली 'सक्षमीकरण' आणि 'सहभाग' अशी पोस्टरं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. समाजकार्यात एमएसडब्ल्यू होऊन दोन वर्षं झाली होती आणि टेबलावर 'प्रकल्प समन्वयक' अशी पाटी होती. ती मी स्वतःच करून आणली होती, हे आधीच सांगून टाकते.

एका मंगळवारी बाई कॉलेजचं पत्र घेऊन आल्या. वय सत्तेचाळीसच्या आसपास, ठेंगणा बांधा, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. पत्रात लिहिलं होतं की श्रीमती कुंदा भोईर, एमएसडब्ल्यू द्वितीय वर्ष, या विद्यार्थिनीस आपल्या मार्गदर्शनाखाली क्षेत्रकार्यासाठी पाठवत आहोत. मी पत्र वाचलं आणि मार्गदर्शकाला शोभेल असं हसले.

"तुमचं लग्न झालंय?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग नवरा-बायकोची भांडणं येतात तेव्हा काय करता?"

"त्याची तंत्रं असतात. आम्हाला शिकवलेली असतात."

"हां," त्या म्हणाल्या. "शिकवलेली असतात."

तो 'हां' मी पुढे फार ऐकला. भाव विचारून मेथीची जुडी परत खाली ठेवणाऱ्या बाईचा आवाज असतो, तसा तो होता. त्यात भांडण नव्हतं. माल बघून झाला, घ्यायचा नाही, एवढंच होतं.

बाई मूळच्या जांभूळ गावच्या. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका महिला सल्ला केंद्रात त्या चौदा वर्षं काम करत होत्या. लागल्या मदतनीस म्हणून, आणि बायका त्यांच्याचकडे येऊन बसायला लागल्या म्हणून हळूहळू समुपदेशकाच्या खुर्चीवर गेल्या. त्या खुर्चीसाठी त्यांनी मुक्त विद्यापीठातून बीएसुद्धा केलं होतं. मग केंद्राला पैसे देणाऱ्यांनी नियम काढला की समुपदेशक एमएसडब्ल्यूच हवा. बाईंना दोन वर्षांची मुदत दिली. येत्या जूनपर्यंत पदवी हातात आली नाही तर खुर्ची दुसऱ्या कुणाला आणि बाईंनी पुन्हा मदतनीस व्हायचं, असं लेखी पत्र त्यांच्या पिशवीत होतं.

त्यामुळे शनिवार-रविवार कॉलेजच्या अंबरनाथच्या अभ्यासकेंद्रात वर्ग, मंगळवारी क्षेत्रकार्य, उरलेले चार दिवस नोकरी, असं बाईंचं चाललं होतं. नोकरीच्या ठिकाणी क्षेत्रकार्य चालत नाही. विद्यार्थ्याने नव्या जागी शिकावं असं त्यामागचं तत्त्व. चौदा वर्षं बायकांची गाऱ्हाणी ऐकलेल्या बाईला काम शिकायला माझ्याकडे पाठवलं होतं ते या तत्त्वापायी. तत्त्वांचं आमच्या क्षेत्रात पहिल्यापासून पीक चांगलं येतं.

बाईंच्या सवयी मला सुरुवातीला खटकायच्या. त्या वही काढत नसत. आम्ही तर वहीशिवाय कुणाच्या दारातही उभे राहत नव्हतो. 'केस' हा शब्द त्यांच्या तोंडात बसत नसे, त्या 'बाई' म्हणायच्या. 'लाभार्थी' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. एकदा मी फॉर्म भरताना म्हटलं, "या लाभार्थीचं वय विचारून घ्या." त्यांनी त्या बाईकडे पाहिलं. तिच्या हाताला प्लास्टर होतं. मग माझ्याकडे पाहिलं. "कसला लाभ झालाय हिला?" त्यांनी विचारलं. मी फॉर्ममध्ये डोकं घातलं.

त्यांची काम करायची पद्धत तर कुठल्याच पुस्तकात नव्हती. उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे घरोघर जातात. शिलाईचे लोंबणारे धागे बायकांनी घरी बसून छोट्या कटरने कापायचे. हे गठ्ठे बदलापूरपर्यंत येतात. आमच्याकडे येणारी बाई पुष्कळदा गठ्ठा घेऊनच यायची, कारण बसायचा वेळ तिला परवडत नसे. मी अशा वेळी म्हणायचे, "ताई, आधी ते बाजूला ठेवा आणि मोकळेपणाने बोला." बाजूला ठेवल्यावर तिचं सगळं लक्ष त्या गठ्ठ्याकडे. भोईरबाई जमिनीवर बसायच्या, पिशवीतून स्वतःचा कटर काढायच्या, गठ्ठ्यातली एक पँट मांडीवर ओढायच्या आणि धागे कापू लागायच्या. विचारायच्या काहीच नाहीत. चार-पाच पँटी झाल्या की समोरची बाई आपणहून बोलायला लागे, आणि तेसुद्धा मान खाली घालून, कारण दोघींचे डोळे शिलाईवर. डोळ्याला डोळा भिडवून ऐकावं असं मी शिकले होते. नवऱ्याने काय केलं ते सांगताना कुणाच्या डोळ्यांत बघायचं नसतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

गठ्ठ्याला उशीर झाला तर कारखान्याच्या सिंधी मालकाला त्या स्वतः फोन लावायच्या. "साईं, आज बाई मेरे पास बैठी है. माल कल सुबह मिलेगा. ना, डांटने का नहीं. मैं बोल रही हूँ ना." आणि तो ऐकायचा. आम्ही याला 'भागधारकांशी समन्वय' म्हणतो आणि त्यावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतो.

अंबरनाथच्या वर्गातली एक हकिगत मला त्यांच्याच वर्गातल्या एका मुलीने सांगितली. क्षेत्रकार्य शिकवणारे सर होते, त्यांनी रोल-प्ले ठेवला. एका मुलाने समुपदेशक व्हायचं, भोईरबाईंनी पीडित स्त्री. मुलगा समोर बसला, पुढे वाकला आणि म्हणाला, "ताई, मी तुमच्या भावना समजू शकतो."

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

मुलाने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "भोईरबाई, भूमिकेत राहा."

"भूमिकेतच हाय मी, सर. बाई हेच विचारती मनात. तोंडावर बोलत नाय, एवढंच."

वर्ग हसला. सरांनी बाईंना दहापैकी चार दिले आणि शेरा मारला, 'सहकार्याचा अभाव'.

खरी अडचण मात्र अहवालांची होती. एमएसडब्ल्यूचं अर्धं जग अहवालावर चालतं. कुणाला भेटलात, ती काय म्हणाली, तुम्ही काय म्हणालात, तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं, तुमच्या मनात काय आलं, कोणतं तत्त्व वापरलं, असं सगळं पानंच्या पानं लिहायचं. एका व्यक्तीबरोबरच्या कामाचा निदान पाच पानी अहवाल असल्याशिवाय क्षेत्रकार्याची फाइल पूर्ण होत नाही आणि क्षेत्रकार्यात नापास म्हणजे पदवी नाही. बाईंचे अहवाल असे असत: 'मांजर्लीत गेले. बाईबरोबर दीड तास धागे कापले. पुढच्या मंगळवारी येते म्हणाली.' सरांनी खाली लाल शाईत लिहिलेलं असे, 'यात तुमचा हस्तक्षेप कोणता?' बाईंनी एकदा त्याखाली उत्तर लिहिलं, 'धागे कापणे.'

डिसेंबरात एक बाई यायला लागली. मांजर्लीतलीच, पदरात सात-आठ वर्षांची मुलगी. चार मंगळवार ती आणि भोईरबाई आतल्या खोलीत धागे कापत बसल्या. मी मधून डोकावायचे, पण कानांवर काही यायचं नाही. पाचव्या मंगळवारी ती आली नाही. तिचा नवरा आला. दारातूनच ओरडायला लागला, "माझी बायको किधर है ते सांगा. पोरीला पण घेऊन गेली. इथेच यायची, मला सब माहीत आहे."

मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्ही शांत व्हा, आपण संवाद साधू." तो माझ्या अंगावरच आला. भोईरबाई जमिनीवरून उठल्या नाहीत.

"बसा," त्या म्हणाल्या. "तिनं काय काय सांगितलंय ते मना माहीत हाय. मी बोलू का इथं सगळ्यांसमोर? का पोलीस चौकीत बोलू?"

तो बसला नाही, पण ओरडणं थांबलं. थोडा वेळ दाराशी घुटमळला आणि निघून गेला. पुन्हा आला नाही. बाई कुठे गेली, मुलीचं काय झालं, तिने असं काय सांगितलं होतं, हे मी भोईरबाईंना त्या दिवशी विचारलं आणि नंतरही खूपदा विचारलं. "ती बरी हाय," एवढंच त्या म्हणायच्या.

मला वाटलं, चला, पाच पानी अहवालाची सोय झाली. या एका कामावर बाई पहिल्या वर्गात पास होतील. पुढच्या मंगळवारी त्यांनी अहवाल दिला. तीन ओळी. 'बाई चार वेळा आली. जे बोलली ते कोणाला सांगणार नाही असा मी शब्द दिला. काम झालं.'

"बाई, असं नाही चालत," मी म्हटलं. "नाव बदलून लिहा ना. गोपनीयता पाळायची तर नाव बदलायचं, असं पुस्तकातच आहे."

त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजही पुस्तकांच्या वर ठेवते. अभ्यासकेंद्रात जुन्या विद्यार्थ्यांच्या फायली नमुना म्हणून कपाटात ठेवत. नवी मुलं त्या चाळत, त्यातून उतरवून घेत. बाईंनी एक फाइल उघडली तर त्यात कॅम्प पाचमधल्या एका बाईची हकिगत. नाव बदललेलं. "दुसऱ्या पानावर मी वळखली तिला," बाई म्हणाल्या. "जावेचं दुकान, पायातला दोष, दोन पोरी. नाव कशाला पायजे? आमच्या वर्गात मांजर्लीची तीन पोरं हायत. त्यातला एक आपल्या ह्या बाईच्या दिराचा दोस्त. पाच पानं कपाटात ठेवली तर आठ दिवसांत तो नवरा तिच्या दारात उभा राहील."

"पण बाई, तुमची खुर्ची?"

"हां," त्या म्हणाल्या.

इथे माझं काम होतं त्यांच्या बाजूने सरांशी भांडायचं. मार्गदर्शक म्हणून मी एक पत्र लिहू शकले असते की या विद्यार्थिनीने काम केलं आहे आणि अमुक कारणाने लिहिता येत नाही. पण पत्र लिहिलं की प्रश्न येणार, कॉलेजशी संबंध बिघडणार, पुढच्या वर्षी विद्यार्थी मिळणार नाहीत. मी जास्त सोपा मार्ग काढला. एका रविवारी दुपारी बसून मी स्वतः सात पानी अहवाल टाइप केला. 'श्रीमती क.' नावाची एक बाई रचली. तिला दारुडा नवरा दिला, कावेबाज सासू दिली. ती पहिल्या भेटीत रडली, दुसऱ्या भेटीत हुंदके देत रडली आणि पाचव्या भेटीत तिच्या चेहऱ्यावर आत्मविश्वास दिसू लागला. फायली माझ्या सहीने कॉलेजात जात असत. बाईंना न सांगता मी ती सात पानं आत लावली आणि फाइल पाठवून दिली. आपण मोठं पुण्यकर्म केलं असं मला आठवडाभर वाटत होतं.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. त्या दिवशी आम्हा मार्गदर्शकांनाही बोलावलं होतं. मागच्या बाकावर बसवून हातात समोसा दिला होता. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या, शेजारी आमचे सर. भोईरबाईंची पाळी आली तेव्हा परीक्षक बाईंनी फाइल उघडून माझी सात पानं काढली.

"बाकीचे अहवाल फार त्रोटक आहेत," त्या म्हणाल्या, "पण हा एक वाचून मी हेलावून गेले. इतकी सहानुभूती फार क्वचित दिसते. या श्रीमती क. आता कशा आहेत?"

बाईंनी फाइल आपल्याकडे वळवली. ओळीखाली बोट ठेवून एक पान वाचलं, मग दुसरं. माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"हे मी लिहिलेलं नाय," त्या म्हणाल्या.

सर घाईने पुढे झुकले. "म्हणजे टाइप दुसऱ्या कुणी केलं, असं ना?"

"नाय सर. अशी बाईच नाय कुणी."

"मग हे लिहिलं कोणी?" परीक्षक बाईंनी विचारलं.

भोईरबाईंनी मान वळवली असती तर मी त्यांना दिसले असते. त्यांनी वळवली नाही.

"ते गोपनीय हाय," त्या म्हणाल्या.

"भोईरबाई, याचे परिणाम कळताहेत ना तुम्हाला?"

"कळतात. दुसऱ्या पेपरात गोपनीयतेवर दहा मार्कांचा प्रश्न होता. मना आठ पडलेत."

मी उठायला हवं होतं. उठून 'मी लिहिलं' एवढे दोन शब्द म्हणायला हवे होते. माझी नोकरी कदाचित गेली असती, कदाचित नसती गेली. मी समोसा गिळला. त्या वेळी मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लाज नंतर वाटली. हा क्रम मी स्वतःपाशी कधी बदलून सांगितलेला नाही.

बाहेर जिन्याखाली त्या मला भेटल्या. मी काहीतरी पुटपुटायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"चांगलं लिहिता तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण बाई फार रडती त्यात. एवढ्या रडत नायत बाया. वेळ कुठं असतो त्यांना?"

आणि रिक्षाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाईंना आठ दिवस दिले. खरा पाच पानी अहवाल आणा, मी सांभाळून घेतो, म्हणाले. आठव्या दिवशी बाईंनी कागद दिला. त्याच तीन ओळी, या वेळी सुवाच्य अक्षरात. क्षेत्रकार्यात नापास, वर्ष पुन्हा करावं, असा निकाल आला. केंद्राची मुदत जूनमध्ये संपली.

मेमध्ये आमचा मांजर्लीचा प्रकल्प बंद पडला. प्रकल्प बंद पडतात, त्यात विशेष काही नाही. सक्षमीकरणाची पोस्टरं मीच भिंतीवरून काढली. जूनमध्ये जाहिरात दिसली: कॅम्प पाच, महिला सल्ला केंद्र, समुपदेशक, एमएसडब्ल्यू आवश्यक. मी अर्ज केला. कुणीतरी ती जागा घेणारच होतं, मग आपण का नको, असं मी स्वतःला समजावलं. आमच्या शिक्षणाचा एक फायदा असतो, स्वतःला काहीही समजावता येतं. मुलाखतीत त्यांनी माझा एखादा नमुना अहवाल मागितला. मी तोच दिला, श्रीमती क. यांचा. मुलाखत घेणारे हेलावून गेले. निवड झाली.

पहिल्या दिवशी मी पोचले तेव्हा भोईरबाई तिथे होत्या. मदतनीस म्हणून राहायला त्यांनी नकार दिला होता, पण नवीन समुपदेशक येईल त्या दिवशी एकदा येऊन जाईन असं कळवलं होतं. मला बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. बाहेरच्या बाकड्यांवर दहा-बारा बायका बसवून ठेवल्या होत्या. त्यातल्या काही मराठी, एक-दोन सिंधी, एक उत्तर प्रदेशची. बाईंनी प्रत्येकीला निरोप धाडून बोलावलं होतं, कारण आपण गेल्यावर यातली कुणी दारातून परत जाऊ नये.

मी खुर्चीवर बसले. बाई एकेकीला आत आणत होत्या, माझ्यापुढे उभी करत होत्या. "ह्या नव्या म्याडम. शिकलेल्या हायत. काय असेल ते ह्यांच्याकडे यायचं." आवाजात कुठेही टोमणा नव्हता. मी टोमण्याची वाट बघत होते, तो आला असता तर मला बरं वाटलं असतं. सिंधी बाईला त्यांनी हेच हिंदीत सांगितलं. उत्तर प्रदेशच्या बाईचा हात धरून सांगितलं.

शेवटची बाई तरुण होती. कपाळावर एक जुनी खूण होती. ती बसली नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तिने भोईरबाईंना विचारलं, "यांना पण सगळं सांगू?"

भोईरबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"नको," त्या म्हणाल्या. "विचारतील तेवढं सांग."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली, बाहेरच्या बायकांशी दोन शब्द बोलल्या आणि जिना उतरून गेल्या. मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि समोरच्या बाईला नाव विचारलं. तिने नाव सांगितलं आणि गप्प बसली.